पाठीतल्या पाण्याची भीती

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून त्र्यंबकला घरी आले, तेव्हा डावा पाय बधिर होता. पावसात अनवाणी चालल्यामुळे झालं असेल, म्हणून तेल चोळलं. बधिरपणा कमरेपर्यंत चढला, तेव्हा नाशिक गाठलं. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिसची (एमएसची) शंका आहे, पाठीतलं पाणी तपासू, असं डॉक्टर म्हणाले. आत्याबाई घाबरल्या. "पाणी काढलं की माणूस पांगळा होतो गं." मी नकार दिला. स्टेरॉइडने पाय सुधारला, तशी मी औषधोपचारही सोडला.

आठ महिन्यांनी उजवा डोळा अधू झाला. हलवला की दुखे, आणि कुंकवाचा लाल रंग फिका दिसे. तेव्हा कुठे मी तपासणीला तयार झाले.

सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमधून जाते. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो. पाणी काढतात ते दोन-तीन चहाचे चमचे, आणि शरीर रोज सुमारे 500 मिली नवं तयार करतं.

या पाण्यात निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये 5 पर्यंत असतात. एमएसमध्ये त्या थोड्याच वाढतात, कधी वाढतही नाहीत. 50 च्या वर गेल्या, तर डॉक्टर क्षयाचा मेंदूज्वर किंवा न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाही तपासतात. हा दुसरा आजारही डोळा आणि मज्जारज्जूच धरतो, पण एमएसची काही औषधं त्यात उलट अपाय करतात. माझ्या पेशी 9 निघाल्या. शिवाय मज्जासंस्थेत ठाण मांडलेल्या प्रतिकारपेशींनी बनवलेल्या प्रतिपिंडांचे पट्टे पाण्यात दिसले, रक्तात नव्हते. निदान पक्कं झालं, औषध सुरू झालं.

ज्यांना ही तपासणी सांगितली असेल, त्यांनी एवढं करावं. रक्ताचा नमुना त्याच वेळी द्या, कारण पट्ट्यांची तुलना त्याच्याशीच होते. पेशी लवकर मोडतात, म्हणून पाणी लगेच प्रयोगशाळेत पोचेल ना, हे आधी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. नंतर बसल्यावर डोकं दुखलं आणि आडवं होताच थांबलं, तर घाबरू नका. बहुधा काही दिवसांत ते ओसरतं. लांबलं किंवा ताप आला, तर मात्र डॉक्टरांना कळवा.

माझ्या उजव्या डोळ्याला कुंकू अजून फिकंच दिसतं. आत्याबाईंना मी बोल लावत नाही. सुई नेमकी कुठे जाते, एवढा एक प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. तुम्ही विचारा.