मेंदू वयात केव्हा येतो?



कायद्याच्या पुस्तकात माणूस एका दिवसात मोठा होत नाही. वयाची १६ वर्षे पूर्ण झाली की ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. मोठ्या मोटारसायकलसाठी मात्र १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मताचा अधिकारही अठराव्या वर्षी मिळतो. पूर्वी त्यासाठी २१ वर्षे थांबावे लागे. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ पासून ही अट खाली आली. लग्नासाठी मुलीचे वय किमान १८ आणि मुलाचे २१ असावे लागते. लोकसभेची निवडणूक लढवायची तर २५ वर्षे, आणि राष्ट्रपती व्हायचे तर ३५ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात.

कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय कायद्याचे काम चालत नाही, हे खरे. पण आपल्या कवटीच्या आत बसून जो अवयव प्रत्यक्ष निर्णय घेतो, त्याच्या वाढीत अशी एखादी रेघ सापडते का? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच माग काढला आहे. त्यांना काय आढळले ते आपण पाहू.

वजन भरले, काम उरले

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने त्याच्या सुमारे नऊ-दशांश असतो. म्हणजे तुम्ही पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवले, तेव्हाच तुमचा मेंदू जवळजवळ पुरा वाढलेला होता! मग पुढची पंधरा-वीस वर्षे त्यात काय घडते?

मुख्यतः दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे छाटणी. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला जेथे निरोप देते, त्या जागेला चेतासंधी म्हणतात. बालपणी हे सांधे गरजेपेक्षा जास्त तयार होतात. शिकागोचे डॉ. पीटर हटनलोकर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूतील चेतासंधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या मेंदूत, पुढच्या खंडामध्ये, त्यांची दाटी प्रौढांच्या सुमारे दीडपट असते आणि पुढे ती उतरत जाते, असे त्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. जे सांधे पुन्हा पुन्हा वापरले जातात ते पक्के होतात. न वापरलेले गळून पडतात.

आमच्या सोलापुरात मागावरून उतरलेल्या चादरीचे लोंबते धागे कातरतात, तेव्हा चादर लहान होत नाही, उलट तिची नक्षी उठून दिसते. मेंदूतील छाटणीही तशीच. फरक एवढाच की चादरीची नक्षी आधीच ठरलेली असते. मेंदूची नक्षी मात्र काही अंशी तुम्ही रोज जे करता त्यातून ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेष्टन. चेतापेशीच्या लांब तंतूवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढते. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने जातो. चांगले आवरण चढलेल्या जाड तंतूतून तोच १०० मीटरपर्यंतच्या वेगाने धावतो. त्यामुळे मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी चटकन बोलू शकतात.

ही कामे जिवंत माणसात पाहता येऊ लागली ती चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या ‘एमआरआय’ यंत्रामुळे. अमेरिकेत डॉ. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ ते २२ वर्षे वयाच्या १४५ जणांच्या मेंदूची चित्रे घेऊन १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कपाळामागच्या खंडातील करडे द्रव्य मुलींमध्ये अकराव्या, तर मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असते आणि त्यानंतर हळूहळू घटते, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १३ मुलांचे मेंदू दर दोन वर्षांनी, असे आठ-दहा वर्षे तपासले होते. त्यातून वाढीचा क्रम कळला. हालचाल आणि संवेदना यांची केंद्रे आधी पक्व होतात. विचार, नियोजन आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा पूर्वललाट भाग पुष्कळ उशिरा पक्व होतो.

या भागाचे महत्त्व प्रथम एका अपघाताने लक्षात आले. अमेरिकेत १८४८ मध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटी फोडून वर निघाली. तो वाचला. त्याला चालता येई, बोलता येई, स्मरणही शाबूत होते. पण पूर्वीचा समंजस मुकादम आता उतावळा आणि लहरी झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले.

थंड निर्णय, गरम निर्णय

आता मुद्द्याची गोष्ट. मेंदूच्या खोल भागात बक्षीस, आनंद आणि नवलाई यांना प्रतिसाद देणारी केंद्रे आहेत. वयात येताना संप्रेरके बदलतात, तशी ही केंद्रे फार संवेदनशील होतात. त्यांना आवर घालणाऱ्या पूर्वललाट भागाचे सांधे आणि वेष्टन मात्र अजून पुरे व्हायचे असते. गाडीच्या इंजिनाची ताकद आधी वाढली आणि ब्रेक नंतर घट्ट होणार, असा हा प्रकार.

याचा अर्थ तुम्हाला विचार करता येत नाही असा होतो का? मुळीच नाही. भारतासह ११ देशांतील १० ते ३० वर्षे वयाच्या ५००० हून अधिक व्यक्तींची तपासणी करून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शांतपणे बसून माहिती लक्षात ठेवणे, तर्क करणे यांत साधारण सोळा वर्षांची मुले मोठ्यांच्या बरोबरीला येतात, असे त्यात दिसले. मोह आवरणे, धोका ओळखून थांबणे, पुढचा विचार करणे यांची पक्वता मात्र त्यानंतरही वाढत राहते. म्हणजे थंड डोक्याचा निर्णय लवकर पिकतो, गरम डोक्याचा उशिरा.

डोके गरम करणारी एक मोठी गोष्ट म्हणजे सोबत. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ३०६ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांपुढील असे तीन गट करून त्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर आणखी थोडे पुढे जायचे की थांबायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांचे मित्र होते. मित्र असताना धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले आणि ही वाढ दोन्ही तरुण गटांत मोठ्यांपेक्षा जास्त होती.

आता जानेवारीतली गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. रात्री उशिरा तिघे मित्र एका मोटारसायकलवर ट्रिपल सीट परत निघाले आहेत. मागचे दोघे “अजून पळव की!” म्हणून ओरडत आहेत. चालवणाऱ्या मुलाला वाहतुकीचे नियम विचारले तर तो सगळे बरोबर सांगेल. त्याचे ज्ञान कमी नाही. त्या क्षणी ते ज्ञान कामाला लावणारा भाग मागे पडला आहे. १८ वर्षांखालील मुलाने असा गुन्हा केला, तर २०१९ मध्ये बदललेल्या मोटार वाहन कायद्यानुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

पंचविशीला कुलूप लागत नाही

“मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो,” असे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते जसेच्या तसे घेऊ नका. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांतील व्यक्तींची वये विशीच्या आसपास संपत होती. त्यापलीकडे त्यांना पाहताच आले नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्वललाट भागातील छाटणी तिशीच्या उंबरठ्यापर्यंत चाललेली दिसली. शिवाय हे सर्व आकडे सरासरीचे आहेत. अमुक मुलगी किंवा अमुक मुलगा समंजस आहे की नाही, हे त्याच्या मेंदूचे चित्र पाहून कोणीही सांगू शकत नाही.

या सरासरीचा आणखी एक गैरवापर होतो. “तुला काय कळते?” म्हणून मुलांचे निर्णय मोठ्यांनीच घेऊन टाकायचे. महाराष्ट्रात आजही काही मुलींची लग्ने अठराच्या आत लावली जातात. नववी-दहावीतल्या मुलीचा मेंदू अजून घडत आहे, याचा अर्थ तिच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा असा नाही. निर्णय घ्यायला शिकण्याची हीच तिची वर्षे आहेत आणि तीच तिच्याकडून हिरावली जातात. वापरलेला सांधा पक्का होतो, हा नियम येथेही लागू आहे. तुमच्या वर्गातील कोणा मैत्रिणीवर असा प्रसंग येत असेल, तर विश्वासाच्या शिक्षकांना सांगा किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा.

धोका आणि उतावळेपणा

मग शहाणपण म्हणजे धोका न पत्करणे का? याचे उत्तर सोलापूरच्याच एका तरुणाच्या चरित्रात पाहू. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते आणि पुढच्या परीक्षेची तयारी करत होते. त्यांनी घरी कळवून घरच्यांचे मत विचारले. वडिलांनी प्रोत्साहन दिले आणि ते निघाले. पथकातील बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस मात्र जखमी सैनिकांची सेवा करत तेथेच राहिले. १९४१ मध्ये ते डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला.

एका चरित्रावरून मेंदूचा नियम सिद्ध होत नाही. पण दोन प्रकारच्या धोक्यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. मोटारसायकल पळवणाऱ्या मुलाने पत्करलेल्या धोक्यापेक्षा कोटणीसांचा धोका कितीतरी मोठा होता. पण तो कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते. हाती त्या कामाचे शिक्षण होते, घरच्यांशी विचारविनिमय झाला होता आणि परतायची संधी असतानाही तोच निर्णय त्यांनी पुन्हा घेतला. तरुणपणी नव्याची ओढ असते म्हणूनच माणसे घराबाहेर पडतात, नवे शोधतात. त्या ओढीला विचाराची जोड मिळाली की ती उपयोगी पडते.

तुम्ही काय करू शकता?

निर्णय गरम होण्याआधी घेऊन ठेवा. यात्रेला निघण्यापूर्वीच, “आपण परत बसने यायचे,” असे ठरवले, तर रात्री दोन वाजता मोहाशी झगडावे लागत नाही. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची, हे मित्रांच्या घोळक्यात अर्ज भरताना ठरवू नका. आधी एकट्याने कागदावर दोन्ही बाजू लिहा, एक रात्र जाऊ द्या, मग घरी आणि शिक्षकांशी बोला. झोप पुरेशी घ्या. तुमच्या वयाला ८ ते १० तास लागतात, आणि अपुऱ्या झोपेने संयम सुटतो. तंबाखू आणि मावा यांपासून दूर राहा. घडत असलेल्या मेंदूत निकोटिनची सवय फार लवकर रुजते.

शिक्षकांना एक विनंती. वर्गाची सहल, स्नेहसंमेलनाचा हिशेब, विज्ञान प्रदर्शन यांतील काही खरे निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवा. चूक लहान असते तेव्हाच शिकणे स्वस्त पडते.

करून पाहा

एका कागदावर लाल, निळा, हिरवा, काळा ही रंगांची नावे पाच-पाच वेळा, क्रम बदलत लिहा. पण शाई वेगळी वापरा: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ लाल शाईने, असे. आता शब्द न वाचता प्रत्येक शब्दाच्या शाईचा रंग मोठ्याने सांगा. किती सेकंद लागले आणि किती चुका झाल्या, ते मित्राला लिहायला सांगा. वाचण्याची सवय आवरून धरण्याचे हे काम पूर्वललाट भाग करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी ही पद्धत १९३५ मध्ये मांडली.

हाच प्रयोग दोन प्रकारे करा. वर्गातील निम्म्या मुलांनी आधी शांत खोलीत आणि मग चार मित्र “लवकर! लवकर!” ओरडत असताना करावा; उरलेल्यांनी क्रम उलटा ठेवावा, म्हणजे नुसत्या सरावाचा परिणाम वेगळा काढता येईल. कोणाचे आकडे चांगले आले यावर पैज लावू नका. दोन्ही वेळच्या आकड्यांची वर्गाची सरासरी काढा आणि फरक का पडला असावा, याची चर्चा शिक्षकांबरोबर करा.