हल हाउसमधील उमेदवारी

पदवी हाती आली की शिक्षण संपले, असे पुष्कळांना वाटते. परंतु शिकलेली विद्या कोणाच्या उपयोगी पडावी आणि कशी पडावी, हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही. त्यासाठी माणसांत जाऊन उमेदवारी करावी लागते. सुतार, शिंपी किंवा गवई यांची उमेदवारी आपल्याला माहीत असते. शेजाऱ्यांच्या दाराशी केलेल्या एका निराळ्या उमेदवारीची ही हकीकत आहे.

जेन ॲडम्स हिचा जन्म १८६० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील गिरणीचे मालक होते. घरात कशाची वाण नव्हती. १८८१ साली तिने रॉकफर्ड येथील विद्यालयातील शिक्षण पुरे केले. त्याच वर्षी तिचे वडील वारले. डॉक्टर व्हावे म्हणून तिने वैद्यकाचा अभ्यास आरंभला. पण पाठीच्या दुखण्याने तो अर्धवट सोडावा लागला. पुढे तिने युरोपचा प्रवास केला. उत्तमोत्तम चित्रे पाहिली, मधुर संगीत ऐकले, परक्या भाषा शिकून घेतल्या. तरीही तिच्या मनाला स्वस्थता लाभेना. ‘मी नेहमी तयारीच करीत आहे, मग काम करणार तरी केव्हा?’ हा प्रश्न तिला छळू लागला.

१८८८ साली स्पेनमधील माद्रिद शहरी ती बैलांची झुंज पाहावयास गेली. बरोबरची मंडळी किळस येऊन उठून गेली. जेन मात्र त्या देखाव्यात गुंगून तेथेच बसून राहिली. रात्री तिला स्वतःची लाज वाटली. आपल्यापुढे दुःख घडत असता आपण नुसते प्रेक्षक राहतो, हे तिला उमगले. दुसऱ्याच दिवशी तिने मनातील बेत आपली मैत्रीण एलेन स्टार हिला सांगितला. शहरातील गरीब वस्तीत एक घर घ्यावे, तेथे शेजारी म्हणून राहावे आणि जे आपल्याला येते ते सर्वांबरोबर वाटून घ्यावे, असा तो बेत होता. एलेन शिकागोमध्ये शिक्षिका होती आणि कलेची मोठी भोक्ती होती. तिने तात्काळ होकार दिला. पुढे जेन लंडनला गेली व तेथील ‘टॉयन्बी हॉल’ ही संस्था तिने पाहिली. १८८४ साली निघालेल्या या संस्थेत विद्यापीठातील तरुण मजुरांच्या वस्तीत राहत, वर्ग चालवत आणि चित्रांची प्रदर्शने भरवत. ते पाहून जेनचा निश्चय पक्का झाला.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी या दोन मैत्रिणी शिकागोच्या हलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या घरात राहावयास आल्या. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने ते १८५६ साली बांधले होते. म्हणून त्याला ‘हल हाउस’ असे नाव पडले. एके काळी ते गावाबाहेर होते. आता त्याच्या सभोवार दाट वस्ती झाली होती. इटली, जर्मनी, रशिया, पोलंड, बोहेमिया, आयर्लंड, ग्रीस अशा अनेक देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबे तेथे राहत. रस्ते घाण, घरे कोंदट, काम कष्टाचे आणि भाषा परकी. पहिल्याच रात्री एक बाजूचे दार नुसते कुलपावाचून नव्हे, तर चक्क उघडेच राहिले. सकाळी पाहतात तो घरातील एकही वस्तू हललेली नव्हती! नव्या शेजाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची ती पहिली ओळख होती.

दोघींनी घरात सुंदर चित्रे लावली आणि शेजारच्या मुलींसाठी वाचनाची बैठक सुरू केली. परंतु शेजाऱ्यांच्या गरजा फार साध्या होत्या. कोणाला आपले मूल काही वेळ सांभाळायला हवे होते. कोणाच्या घरी आजाऱ्याजवळ बसायला माणूस नव्हते. नवजात बाळाला न्हाऊ घालण्यापासून मृताला शेवटच्या प्रवासासाठी तयार करण्यापर्यंत सारी कामे त्यांनी केली. महाविद्यालयात यांपैकी एकही गोष्ट कोणी शिकवली नव्हती.

हळूहळू इतर पदवीधर तरुण-तरुणीही येऊन राहू लागल्या. राहण्याजेवण्याचा खर्च त्या स्वतः सोसत. कोणी बालवर्ग चालवी, कोणी गाणे शिकवी, कोणी चित्रकला शिकवी. १८९१ साली चित्रदालन उघडले, १८९३ साली संगीतशाळा सुरू झाली. पुढे रंगभूमीही उभी राहिली. एलेनबाईंना वाटे की, ज्याच्या हाताला सौंदर्य घडवता येत नाही, त्याने कलेविषयी नुसते बोलू नये. म्हणून त्या लंडनला गेल्या, पुस्तकबांधणीची कला शिकल्या आणि परत येऊन त्यांनी हल हाउसमध्ये बांधणीची शाळा काढली. वयाची चाळिशी जवळ आली असता पुन्हा उमेदवार होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पण या मंडळींना खरे धडे दिले ते शेजाऱ्यांनीच. चित्रप्रदर्शन पाहावयास आलेल्या एका इटालियन माणसाला फार नवल वाटले. अमेरिकन लोकांना पैशांखेरीज कशाची आवड असते, हे त्याला ठाऊकच नव्हते! एका ग्रीक फळवाल्याची गोष्ट तर मनाला चटका लावणारी आहे. अथेन्सच्या प्राचीन मंदिरांचे छायाचित्र हल हाउसमध्ये पाहून तो थक्क झाला. तो स्वतः तंत्रविद्यालयाचा पदवीधर होता. अमेरिकेत लोक आपल्या देशाविषयी आवडीने विचारतील, या आशेने त्याने रंगीत चित्रांचे एक पुस्तक तयार करून आणले होते. परंतु तेरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्या विषयात रस दाखवला नव्हता. ज्यांना आपण कला दाखवावयास आलो, त्यांच्याजवळच केवढी कला दडलेली आहे, हे तरुण मंडळींना कळून चुकले.

कधी त्यांचे बेत फसतही. स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे म्हणून त्यांनी एक स्वयंपाकघर काढले. अन्न शास्त्रशुद्ध होते, पण शेजारी फारसे फिरकेनात. अन्न पौष्टिक असेलही, परंतु ज्याला त्याला आपल्या जिभेला रुचेल तेच हवे असते, असे एका बाईने स्पष्ट सांगितले. शेजाऱ्याला विचारल्यावाचून त्याचे भले ठरवू नये, हा धडा त्यांना मिळाला.

जेनबाईंना एक गोष्ट फार खुपत असे. परदेशातून आलेल्या आईबापांची मुले शाळेत चटकन इंग्रजी शिकत, कारखान्यात पैसे मिळवू लागत आणि आपल्या अडाणी वाटणाऱ्या आईबापांना कमी लेखत. एके दिवशी जेनबाईंना रस्त्याने जाताना एक वृद्ध इटालियन बाई पायरीवर बसलेली दिसली. आपल्याकडील टकळीसारख्या साध्या साधनावर ती सूत कातत होती. मुद्रा उदास होती; पण जेनबाईंना पाहताच तिने आपली टकळी कौतुकाने वर धरून दाखवली. त्याच क्षणी जेनबाईंच्या मनात एक कल्पना आली. या वृद्धांच्या हातांतील कसब त्यांच्या मुलांना दाखवता आले तर?

शोध घेता वस्तीतच निरनिराळ्या देशांच्या सूत कातणाऱ्या बायका मिळाल्या. प्रत्येकीची रीत थोडी निराळी होती. टकळीपासून चरख्यापर्यंत आणि चरख्यापासून गिरणीच्या यंत्रापर्यंत मनुष्याचा प्रवास कसा झाला, हे त्यांच्या हातांनीच दाखवता येत होते. अशा रीतीने १९०० साली हल हाउसमध्ये ‘श्रमसंग्रहालय’ उघडले. तेथे वस्तू काचेच्या कपाटांत निमूट पडून नसत. शनिवारी संध्याकाळी वृद्ध कारागीर स्वतः कातून, विणून, घडवून दाखवत आणि विद्वान मंडळी त्यांच्याभोवती उभी राहून शिकत.

सूत कातावयास येणाऱ्या एका इटालियन बाईची मुलगी त्याच वेळी स्वयंपाकाच्या वर्गाला येत असे. आईच्या डोक्याला रुमाल, पायांत जाडेभरडे बूट आणि अंगात खेडवळ पोशाख. ‘ही आपली आई’ असे कोणाला कळू नये, म्हणून ती मुलगी मुद्दाम दुसऱ्या दाराने आत शिरे. एके संध्याकाळी तिने पाहिले की, आईभोवती शिक्षकांचा घोळका जमला आहे आणि सर्व जण तिच्या हाताची वाखाणणी करीत आहेत. तिला ते खरे वाटेना. तिने जेनबाईंना विचारले. तेव्हा जेनबाईंनी तिला आईच्या गावाची हकीकत सांगितली. मोकळ्या हवेतले ते जीवन सोडून या कोंदट खोलीत येताना आईने काय काय गमावले असेल, हे समजावून दिले. नवे रीतिरिवाज शिकण्यास आईला लेकीची मदत हवी, तशीच लेकीची समजूतही हवी, असे त्या म्हणाल्या.

आईने हाताने विणलेले सुंदर कपडे खाटेखालच्या पेटीत दडवून ठेवले होते. मुलीला ते गावंढळ वाटत. आता तिने आईला ते बाहेर काढू दिले. त्यानंतर ती मुलगी आईच्याच दाराने, तिच्या अभिमानाचे तेज तोंडावर घेऊन, संग्रहालयात येऊ लागली.

हल हाउसमध्ये उमेदवारी केलेल्या अनेक व्यक्ती पुढे नावारूपास आल्या. ज्युलिया लॅथ्रॉप या १९१२ साली अमेरिकन सरकारच्या बालकल्याण खात्याच्या प्रमुख झाल्या. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी कारखान्यांतील विषारी द्रव्यांपासून कामगारांना वाचवण्यासाठी आयुष्य वेचले. जेन ॲडम्स यांना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३५ साली त्यांचे देहावसान झाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत विद्यापीठासाठी तेथील बहुतेक इमारती पाडण्यात आल्या. मूळ घर मात्र राहिले आणि १९६७ साली तेथे संग्रहालय झाले.

देणारा आणि घेणारा, शिक्षक आणि विद्यार्थी, अशा दोन वेगळ्या रांगा नसतात, हेच त्या घराने शिकवले. शेजाऱ्याच्या हातातील टकळीकडे आदराने पाहता आले, म्हणजे पदवीला खरा अर्थ येतो.

स्वाध्याय

१. शिक्षण पुरे झाल्यावर जेनला स्वस्थता का लाभेना?
२. ग्रीक फळवाल्याच्या गोष्टीवरून तरुण मंडळी काय शिकली?
३. ‘शेजाऱ्याला विचारल्यावाचून त्याचे भले ठरवू नये.’ हे वाक्य पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. इटालियन मुलगी आधी दुसऱ्या दाराने व नंतर आईच्याच दाराने का येऊ लागली?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : उमेदवारी, वाण, उमगणे, वाखाणणी, कमी लेखणे.
६. तुमच्या घरातील किंवा शेजारातील वडीलधाऱ्या माणसाच्या हातचे एखादे कसब पाहा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.