हेळवाकला फुले पाठविण्याविषयी

चि. भाच्यास,

कराडच्या मावशींच्या निरोपावरून असे समजते की, वैशाखात हेळवाकच्या घरी व्हावयाच्या मातोश्रींच्या, म्हणजे चिरंजीवाच्या आजीच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी चिरंजीवाने पुण्यातील एका फूलविक्रेत्याकडे ८१ लाल गुलाबांचा गुच्छ नोंदवला आहे, आणि स्वतः येण्याविषयी विचारले असता ‘बघतो, फुले तर वेळेवर पोचतीलच’ एवढेच उत्तर दिले आहे. मावशींच्या निरोपात मूळ किती आणि भर किती, हे चिरंजीवास कोणी सांगावयास नको. परंतु त्यातील निम्मे जरी खरे धरले तरी ते चिंतेला पुरेसे आहे. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्याबद्दल करावयाचा विधी. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने हजार पौर्णिमा भरण्यास ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात, म्हणून तो एक्क्याऐंशीव्या वर्षात करतात. गुलाबांचा आकडा ८१ धरला गेला, त्यावरून चिरंजीवाने हा हिशेब तरी नीट केला असे दिसते. आजीला लाल गुलाब पाठविण्यामागचा हिशेब कोणता, हे मात्र समजत नाही.

ताजी फुले परगावी पाठविण्याच्या व्यवसायात बहुतेक वेळा फूल प्रवास करीतच नाही, केवळ मागणी प्रवास करते. १९१० साली अमेरिकेतील काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांच्या मागण्या पुऱ्या करण्याची पद्धत सुरू केली. एका शहरात पैसे भरावयाचे, तेथून दुसऱ्या शहरातील दुकानाला तार जावयाची आणि त्या दुकानाने आपल्याकडील फुलांचा गुच्छ बांधून दारात न्यावयाचा, असा तो व्यवहार होता, आणि आज तारेच्या जागी संकेतस्थळ आले असले तरी त्याचा सांगाडा पुष्कळसा तोच आहे. हा व्यवहार चालण्यासाठी दुसऱ्या टोकाला दुकान असावे लागते. कोयना नदी महाबळेश्वराकडून दक्षिणेस येऊन जेथे पूर्वेकडे वळते, त्या वळणावरच्या हेळवाक गावात किराणा मिळतो, चहा मिळतो, शेतीची औषधेही मिळतात. शहरी धर्तीचा गुच्छ बांधणारे दुकान शोधावयाचे तर कराडकडे तोंड करावे लागते. संकेतस्थळाने पिनकोड स्वीकारला याचा अर्थ त्या पिनकोडात कोणी फुले घेऊन उभा आहे असा होत नाही, आणि संगणकावर दिवसाचे दहा तास काम करणाऱ्या माणसास हे कळत नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

दुकान नसल्यामुळे प्रवास फुलांनाच करावा लागेल, आणि तो सोपा नाही. पुण्याहून कराड सुमारे १६० किलोमीटर आणि तेथून पाटणमार्गे हेळवाक आणखी साठच्या आत-बाहेर, एवढेच अंतर असले तरी कुरिअरच्या मालाला त्यात दोन-तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते, आणि वैशाखातील पत्र्याच्या गोदामात एक दुपार काढावी लागते. छाटलेले फूल मेलेले नसते; ते श्वसन करीत असते, म्हणजे साठवलेली साखर जाळीत असते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की हे श्वसन दुपटी-तिपटीने वाढते. यासाठीच गुलाब काढणीनंतर २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात, आणि शेतापासून विक्रेत्यापर्यंत हा गारवा अखंड राखण्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. मावळातील हरितगृहांतून निघालेला गुलाब ही साखळी राखली गेल्यामुळेच विमानाने परदेशी पोचूनही टवटवीत राहतो. तोच गुलाब कराडच्या पुढे टेम्पोत चढला की साखळी तुटते. छाटलेल्या देठाच्या जलवाहिन्यांत हवेचा बुडबुडा किंवा जिवाणूंचा थर अडकला तर कळीपर्यंत पाणी चढत नाही आणि पाकळ्या टवटवीत दिसत असतानाच गुलाब मान टाकतो. त्यातून वैशाख हा आंब्यांचा महिना. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. पिकण्याची आणि कोमेजण्याची क्रिया वेगाने घडवून आणणारा हा वायू दशलक्ष भागांत एक भाग एवढाच असला तरी कार्नेशनच्या पाकळ्या आत वळवतो, आणि गुलाबाच्या कित्येक जातींनाही तो सोसत नाही. चिपळूणकडून घाट चढून आलेल्या हापूसच्या पेट्यांशेजारी तो गुच्छ रात्रभर राहिला, तर मातोश्रींच्या हाती काय पडेल याची कल्पना चिरंजीवाने करावी. दाराशी आलेला तो गुच्छ मातोश्री घेतील, ‘किती छान’ म्हणतील, आणि कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून सुकलेली फुले आतल्या खोलीत नेऊन ठेवतील. तेवढ्या वेळात त्या दाराकडे किती वेळा पाहतील, हे त्या घरातील कोणालाही सांगता येईल.

वस्तुतः त्या खोऱ्यात फुलांची वाण कधीच नव्हती. भाद्रपदात गौरीला लागणारा तेरडा बांधाबांधावर येतो, सोनकीने उतार पिवळे होतात, आणि कारवी, जी सात वर्षांतून एकदाच सामुदायिक फुलते, ती फुलली की डोंगराचा रंग बदलतो. वैशाखात हे काही नसले तरी मोगरा असतो, बकुळ असते, आणि पावसाच्या तोंडावर परसातला अनंत फुलतो. तो अनंत कोणी लावला, हे या पत्रात लिहिण्याचे कारण नाही. मोगऱ्याची कळी पहाटे मिटलेली असतानाच खुडतात आणि ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवतात, म्हणजे ती संध्याकाळी ओवलेल्या गजऱ्यात उमलते. बकुळीचे फूल तर सुकल्यावरही सुवास टिकवून ठेवते, त्यामुळे त्याला शीतसाखळीची गरज नाही. गावच्या गुरवास, म्हणजे देवळातील पूजेची आणि फुलापानांची व्यवस्था वंशपरंपरेने पाहणाऱ्या सेवेकऱ्यास, आदल्या दिवशी नुसता निरोप दिला तरी सकाळी हार दारात येतो. गुच्छाला जेवढे पैसे मोजले गेले असतील, तेवढ्यात साऱ्या आळीतील बायकांना गजरे देता आले असते. तेव्हा फुलांचा प्रश्न पत्रलेखकाच्या लेखी सुटलेला आहे. चिरंजीव येणार की नाही, हा सुटलेला नाही.

येथे एक जुनी गोष्ट नोंदविणे भाग आहे. वडिलांच्या साठीशांतीच्या वेळी, म्हणजे वयाची ६० वर्षे पूर्ण झाल्यावर करावयाच्या शांतिविधीच्या वेळी, पत्रलेखक मुंबईत नोकरीस होता आणि रजा शिल्लक असूनही गेला नव्हता. त्या काळी टपाल व तार खात्याकडे शुभेच्छांच्या ठरावीक मजकुरांची क्रमवार यादी असे. मजकूर लिहावयाचीही आवश्यकता नसे, यादीतील क्रमांक सांगितला की पलीकडे छापील शुभेच्छा उमटत असत. तशी एक तार आणि सोबत मनिऑर्डर पाठवून आपले कर्तव्य झाले, असे पत्रलेखकास त्या वयात वाटले. वडिलांनी ती तार आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवली, ‘कामाचा माणूस आहे’ असे वर सांगितले, आणि तक्रार कधीच केली नाही. तक्रार केली असती तर पुढे त्या विषयावर बोलता तरी आले असते. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिच्या आठवणी छापून आल्या. पत्रलेखकाने त्या वाचण्याचे टाळले.

हे लिहिताना आवाज चढला असल्यास चिरंजीवाने तो मनावर घेऊ नये. त्याची आई गेल्यापासून हेळवाकच्या घराची पायरी चढणे त्यास जड जाते, ही गोष्ट त्याने कोणास सांगितली नसली तरी घरात सर्वांना ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत तो कराडपर्यंत येऊन मावशींकडूनच परतला, त्याचाही कोणी जाब विचारलेला नाही आणि विचारणार नाही. ज्या घरात एक माणूस नाही, तेथे जाण्यापेक्षा गुच्छ धाडणे सोपे असते, आणि तो धाडण्यामागे प्रेम नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, निदान क्रमांकाने शुभेच्छा पाठविणाऱ्यास तर मुळीच नाही. परंतु जे चिरंजीवास त्या घरात शिरताना होते, तेच मातोश्रींना त्या घरात रोज राहताना होते. लेक गेल्याचे दुःख त्या कोणाजवळ काढीत नाहीत; नातू आला म्हणून त्या एकदम रडू लागतील, अशी भीती त्याने बाळगू नये, आणि रडल्या तरी ते वाईट म्हणता येणार नाही. विधीस भटजी आणि पाहुणे असतील, औक्षणाची धांदल असेल, कोणी कोणाकडे फार वेळ पाहत बसणार नाही, आणि पहिल्यांदा जाण्यास असा गर्दीचा दिवसच बरा असतो, असे पत्रलेखकाचे मत आहे.

गुलाबांची नोंदणी रद्द होत असल्यास करावी, होत नसल्यास गुच्छ पुण्याच्या पत्त्यावर मागवून गाडीतून स्वतः आणावा. देठ पाण्यात बुडवून तिरपे छाटावेत, पाण्याखाली राहणारी पाने काढावीत, बादली मागच्या आसनापाशी पायाजवळ ठेवावी, डिकीत ठेवू नये, आणि वाटेत आंबे घेतलेच तर ते पुढे ठेवावेत. मावशींनी त्यातही खोड काढली, तर ती मनावर घेऊ नये. फुले वाटेत सुकली तर फेकून द्यावीत आणि तसेच यावे. मुक्कामास माडीवरची खोली लावून ठेवली आहे. आईच्या वस्तू असलेले कपाट मातोश्रींनी स्वतःच खालच्या खोलीत हलवून घेतले, नातवाला झोप यावी एवढे एकच कारण त्यांनी सांगितले. घरी जेवणाची वाट पाहिली जाईल, परंतु निघण्यास उशीर झाला तर रात्री गाडी दामटू नये, कराडला मावशींकडे राहून सकाळी निघावे; मातोश्री त्या रात्री जाग्या राहतीलच, त्यांची समजूत काढण्याचे काम पत्रलेखकाकडे लागले. खोकला अजून असेल तर थंड पाणी पिऊ नये.