एक तक्ता, दोन भूमिका

१९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधात्मक रचनेत माहिती तक्त्यांत ठेवली जाते आणि समान मूल्यांच्या आधारे तक्ते एकमेकांस जोडले जातात. एका पृच्छेत एकच तक्ता दोनदा जोडण्याची वेळ आली, की नवशिके विद्यार्थी अडखळतात. प्रस्तुत पाठ त्याविषयी आहे.

रेल्वेचे उदाहरण घेऊ. ‘स्थानके’ या तक्त्यात प्रत्येक स्थानकाचा संकेत व पूर्ण नाव आहे. ‘गाड्या’ या तक्त्यात मात्र केवळ संकेत आहेत. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या ओळीत आरंभ ‘केओपी’ व शेवट ‘जी’, म्हणजे कोल्हापूर व गोंदिया. ही दोन्ही नावे एकाच ओळीत हवी आहेत.

तक्ता एकदाच जोडून, संकेत आरंभाशी ‘आणि’ शेवटाशी जुळावा अशी अट घातली, तर उत्तर रिकामे येते; कारण एकच स्थानक कोल्हापूरही व गोंदियाही असू शकत नाही. ‘किंवा’ लिहिले, तर गाडी दोन ओळींत उमटते. म्हणून तोच तक्ता दोनदा जोडावा व प्रत्येक वेळी त्यास निराळे उपनाम द्यावे:

सिलेक्ट गा.नाव, आ.नाव, शे.नाव
फ्रॉम गाड्या गा
जॉइन स्थानके आ ऑन गा.आरंभ = आ.संकेत
जॉइन स्थानके शे ऑन गा.शेवट = शे.संकेत;

येथे तक्त्याची दुसरी प्रत साठवली जात नाही. दोन शब्दांचे अर्थ पाहण्यासाठी एकच शब्दकोश दोनदा उघडावा, तसे हे आहे.

हीच रचना शाळेच्या पटासही लागू पडते. विद्यार्थ्याच्या ओळीत माता व पिता यांचे क्रमांक असतात. दोघांची नावे ‘व्यक्ती’ या एकाच तक्त्यात असतात. येथे साधा ‘जॉइन’ वापरला, तर ज्या मुलाच्या पित्याची नोंद नाही, त्याची संपूर्ण ओळच यादीतून गळते. आणि संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. आईच्या एकटीच्या आधारावर शिकणारे मूल अशा रीतीने शिष्यवृत्तीच्या यादीतून नकळत वगळले जाऊ शकते. दोन्ही ठिकाणी ‘लेफ्ट जॉइन’ लिहावे. मग मुलाचे नाव टिकते. रिकामा राहतो तो केवळ पित्याचा रकाना.

यास्तव यादी छापण्यापूर्वी तिच्यातील ओळी मोजाव्यात व मूळ पटसंख्येशी ताडून पाहाव्यात. एक ओळ कमी भरली, तर एक मूल मागे राहिले आहे असे समजावे.