नळी लावून समुद्रात उतरण्यापूर्वी : भरती-ओहोटी आणि आपला श्वास

वाचकहो, आपला वाशिम जिल्हा समुद्रापासून चारशे किलोमीटरहून अधिक आत आहे. तेव्हा समुद्रावर आरोग्याचा लेख कशाला, असे कोणी विचारील. पण हल्ली सुट्ट्या लागल्या की आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे कोकणात सहलीला जातात आणि मालवण-तारकर्लीला गेले की ‘स्नॉर्कलिंग’ करतात. जाण्यापूर्वी काही जण माझ्याकडे येऊन विचारतात, “डॉक्टरसाहेब, बीपीची गोळी चालू आहे, पाण्यात उतरलं तर चालेल का?” तरुण मुले विचारतही नाहीत. त्यांचे म्हणणे, “आमी इहिरीत पोहून मोठे झालो, आमाले समुद्राचं काय भेव?” या दोन्ही प्रकारच्या मंडळींसाठी आजचा लेख आहे.

स्नॉर्कलिंग म्हणजे काय?

डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क लावायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची, तिचे दुसरे टोक पाण्याच्या वर ठेवायचे आणि पालथे तरंगत समुद्राचा तळ पाहायचा, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ व रंगीबेरंगी मासे दिसतात. हा भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे.

ही नळी जेमतेम हात-दीड हाताची असते. ती लांब केली तर खोलवरूनही श्वास घेता येईल, असे पुष्कळांना वाटते. पण एक मीटर खोलीवर पाण्याचा भार छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर 100 ग्रॅमने वाढतो. तेवढा भार उचलून छाती फुगवणे आपल्या स्नायूंना फार काळ जमत नाही. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा साचते व तीच पुन्हा आत येते. म्हणून पपईच्या देठाची किंवा प्लॅस्टिकची लांब नळी लावून विहिरीत बुड्या मारण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये.

विहीर आणि समुद्र यांतील फरक

विहिरीचे पाणी एका जागी उभे असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असल्याने त्यात शरीर अधिक सहज तरंगते, हे खरे. पण ते पाणी चालते. ताशी दोन किलोमीटर वेगाचा प्रवाह म्हणजे माणसाच्या सावकाश चालण्यापेक्षाही कमी वेग. तरीही दहा मिनिटांत तो आपल्याला तीनशे मीटरहून अधिक दूर नेतो. स्नॉर्कलिंग करणाऱ्याचे तोंड खाली असते, लक्ष माशांकडे असते. मान वर करतो तेव्हा होडी लांब राहिलेली असते. मग तो घाबरून प्रवाहाविरुद्ध हातपाय मारतो, धाप लागते, नळीतून हवा पुरत नाही, आणि संकटाला येथून सुरुवात होते.

भरती-ओहोटीचे गणित

चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ जातो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणूनच “मागच्या वेळी आम्ही दहा वाजता उतरलो होतो” या अनुभवाचा या वेळी उपयोग नसतो.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि जोराने वाहते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा चढउतार कमी व प्रवाह मंद असतो. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, मालवणकडे हा फरक दोन मीटरच्या आसपास असतो.

किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा व ढोबळ आहे. मालवणकडे भरती थोडी आधी येते. घरच्या पंचांगावरून अंदाज बांधायला तो ठीक आहे, पण पाण्यात उतरण्याची वेळ तेथील माहितगार माणसालाच विचारावी.

आता महत्त्वाची गोष्ट. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, पुन्हा तीन, मग दोन आणि शेवटी एक, असे ते चढते. उतरतानाही तसेच. म्हणजे मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोरदार असतो आणि पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीच्या आगेमागे पाणी थोडा वेळ शांत असते. भरतीचे पाणी मोकळ्या समुद्रातून येते, म्हणून ते स्वच्छ असते. ओहोटीचे पाणी खाडीतला गाळ घेऊन बाहेर पडते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा ठिकाणी ओहोटीचे पाणी गढूळ तर असतेच, शिवाय ते माणसाला बाहेर ओढते. अगदी तळाच्या ओहोटीला खडकांवर पाणी इतके उथळ होते की गुडघे-पोट खरचटते. म्हणून भरती पुरी होण्याच्या सुमारास उतरणे बहुधा सर्वांत चांगले.

वारा आणि लाटाही पाहाव्यात. सकाळी वारा सहसा कमी असतो, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो व लाटांचे पाणी नळीत शिरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. मेच्या अखेरीस पावसाळ्याची चाहूल लागून समुद्र खवळू लागतो. 24 मे 2022 रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, हे विसरता कामा नये.

कोणी उतरू नये?

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा, फिट येण्याचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. सर्दीने कान दडे बसले असतील तर बुडी मारू नये. हवाई बेटांवरील डॉक्टरांनी स्नॉर्कलिंगमधील मृत्यूंचा अभ्यास केला. नळीतून जोर लावून श्वास ओढताना काहींच्या फुप्फुसांत पाणी झिरपते व माणूस आरडाओरडा न करता गळून जातो, अशी शक्यता त्यांनी मांडली. म्हणून पाण्यात अचानक धाप लागली, हातपाय गळल्यासारखे वाटले, तर नळी तोंडातून काढा, पाठीवर उताणे व्हा आणि हात वर करून मदत मागा.

बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची सवयही घातक आहे. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावा अशी जाणीव उशिरा होते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. हा धोका आपल्या विहिरीतही तितकाच आहे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर

उलटे टांगणे, पोट दाबणे, चाकावर फिरवणे यांत मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर प्रथम नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. नंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाब द्या. तीस दाबांनंतर दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच.

लक्षात ठेवा

1. सहलीचा दिवस ठरवण्यापूर्वी तिथी पाहा. अमावास्या-पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे.
2. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका, आणि बोटीत बसल्यावर ते काढू नका.
3. मास्क व नळीची सवय आधी कमरेइतक्या पाण्यात करा.
4. एकट्याने उतरू नका. दर दोन मिनिटांनी मान वर करून होडी पाहा.
5. प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा.
6. मद्य घेऊन किंवा भरपेट जेवून पाण्यात जाऊ नका. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने गुंगी येत असेल तरीही उतरू नका.

आणि सर्वांत शेवटी एक विनंती. सातशे किलोमीटर प्रवास करून, पैसे भरून गेलेल्या माणसाला परत फिरणे जिवावर येते. “आमची उद्याची गाडी आहे, आजच न्या,” असा हट्ट धरला जातो. पण समुद्राला आपल्या गाडीची वेळ ठाऊक नसते. नाववाला जर म्हणाला, “आज पाणी बरोबर नाही,” तर त्याचा शब्द डॉक्टरांच्या सल्ल्याइतकाच माना. किल्ला पाहा, माशाचे जेवण करा आणि घरी या. मासे पुढच्या वर्षीही तेथेच असतील, आपणही असायला हवे.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील उष्माघात व घरगुती काळजी)