साइनचा ग्राफ : पाच ठिपके बास!

टेस्ट जवळ आली की आमच्या मजल्यावर ज्युनिअर्सची वर्दळ सुरू होते. बहुतेकांच्या वहीत तेच दृश्य. ०, ३०, ४५, ६०, ९० असं लांबलचक टेबल, पुढे कॅल्सीवरून उतरवलेले चार-चार दशांश आणि ग्राफपेपरवर सह्याद्रीची रांग! अरे, साइनला टोक नसतं. माथ्यावर वक्र आडवा होतो आणि मधली रेषा ओलांडताना सगळ्यात चढा असतो, कारण त्याचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन तिथे सगळ्यात मोठा. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २४ ज्यांमधले फरक एका श्लोकात बसवले, ते आकाशाच्या गणितासाठी. स्केच काढायला टेबल कशाला?

पाच ठिपके पुरतात. मध्य, माथा, मध्य, तळ, मध्य. ते कुठे बसवायचे, एवढाच प्रश्न. समजा,

वाय = ३ साइन (२एक्स − ६०°) + १

शेवटचा १ म्हणजे मधली रेषा. तिच्या ३ वर माथा, ३ खाली तळ, म्हणजे ४ आणि −२. आता इथेच गंमत होते. कंसात ६० दिसले की पोरं ग्राफ ६०° उजवीकडे ढकलतात आणि मार्क जातात. सरळ कंसालाच विचारा. कंस शून्य कधी? एक्स ३०° असताना. कंस ३६०° कधी? एक्स २१०° असताना. म्हणजे लाट ३० ला सुरू, २१० ला पूर्ण. मधल्या १८० चे चार भाग करा. ठिपके ३०, ७५, १२०, १६५, २१० वर, उंची १, ४, १, −२, १. गोलसर हाताने जोडा, झालं. (टॅनला मात्र हा नियम लावू नका. तो ९० ला तुटतो, तिथे जोडायचंच नाही.)

हे फक्त एम-वनपुरतं आहे असं समजू नका. रूममधल्या प्लगमध्ये हीच लाट आहे. ५० हर्ट्झ म्हणजे एक लाट २० मिलिसेकंदांची, ठिपके ०, ५, १०, १५, २० वर. पण माथा किती? २३० नाही! २३० हा आरएमएस आकडा. त्याला रूट २ ने गुणलं की ३२५ व्होल्ट येतात. ब्रिज रेक्टिफायर लावला की खालचा फुगवटा वर उलटतो, लाट १० मिलिसेकंदांची होते, म्हणून रिपल १०० हर्ट्झचा.

मिनी प्रोजेक्टला कुणी मेन थेट रेक्टिफाय करतो आणि २५० हा २३० पेक्षा मोठा म्हणून २५० व्होल्टचा कपॅसिटर आणतो. लोड नसेल तर कपॅसिटर जवळपास माथ्यापर्यंत चार्ज होतो. मग तो फुटणारच. मेन १० टक्के चढली तर माथा ३५८ च्या आसपास जातो, म्हणून निदान ४०० चा घ्यायचा. आणि हे एकट्याने रूमवर करायचं नाही, लॅबमध्ये सरांसमोरच. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.