जुनी बिअरची टाकी घेताय? आधी हे वाचा



केळीचा गर, लिंबूरस, दूध साठवायला नवी स्टीलची टाकी महाग पडते. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतल्या जुन्या टाक्या व्यापाऱ्यांकडे मिळतात. टाकी कामाची असते, पण पारखून घ्या.

*घेताना*
१) ३०४ ग्रेडचे स्टील हवे. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४च, असं नाही. हलक्या २०२ लाही तो चिकटत नाही. थेंब टाकून तपासायचे किट वापरा. आंबट लिंबूरसाला ३१६ बरे.
२) माप स्वतः काढा. व्यास १.५ मीटर, उंची २ मीटर असेल तर साधारण ३,५०० लिटर.
३) थंडाव्यासाठी बाहेरून दुहेरी पत्रा (जॅकेट) असतो. त्यात पाणी भरून हातपंपाने नेमप्लेटवरच्या दाबापर्यंत न्या. अर्धा तास काटा उतरला नाही पाहिजे. जॅकेट आतून गळालं तर सगळा माल वाया. हवा भरून टेस्ट करू देऊ नका, टाकी फुटू शकते.
४) वेल्डिंगजवळ खड्डे, तांबेरा दिसला तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

*धुताना*
आधी साधं पाणी. मग १०० लिटर पाण्यात २ किलो कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. हातमोजे, चष्मा घाला. शेवटी भरपूर पाणी. ब्लीचिंग पावडर आणि खारं बोअरचं पाणी आत साचू देऊ नका, स्टीलला खड्डे पडतात. गरम धुण्यानंतर झाकण बंद करून गार पाणी सोडू नका. वाफ आकसते आणि टाकी डब्यासारखी चेपते.

*सगळ्यात महत्त्वाचं: टाकीत उतरू नका*
आत उरलेला गर आंबला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी बसतो. जुन्या विहिरीत माणूस गुदमरतो, तसंच इथे होतं. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. बाहेरूनच लांब दांड्याच्या ब्रशने, फवाऱ्याने धुवा. वेल्डिंगसाठी आत जावंच लागलं तर ब्लोअर, गॅस मीटर, कमरेला दोर आणि बाहेर पहारा असलेली जाणकार टीमच बोलवा. कोणी आत पडलं तर मागे उतरू नका, लगेच ११२ ला फोन करा.

सौदा करण्याआधी नेमप्लेटचा फोटो कंपनीच्या ऑफिसला पाठवा. आणि हा मेसेज टाकी धुणाऱ्या माणसालाही वाचून दाखवा.